काउंटीच्या शिक्क्याची एक नोव्हेंबर

मित्रांनो, कॉटनवुड काउंटीच्या जिल्हा कोर्टात खिडकीपाशी बसलेला जुना शिक्का तो मीच. अंग ओतीव लोखंडाचं, पोटात घड्याळ. तोंडात कागद दिला की मी धप्पकन बसतो आणि तारीख, वेळ, कोर्टाचं नाव उमटवतो. आता संगणक आल्यापासून नवे कारकून मला ठोकळा म्हणतात. म्हणू देत. या ठोकळ्याने एकदा भल्याभल्यांना तोंडघशी पाडलं आहे, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आमच्या देशात, म्हणजे अमेरिकेत, कोर्टांच्या शिड्या दोन. एक राज्याची. तिच्यात खाली किरकोळ तक्रारींचं कोर्ट, मग आमचं जिल्हा कोर्ट आणि वर राजधानी हेलेनाला आमच्या मोंटाना राज्याचं सर्वोच्च कोर्ट. इथले न्यायाधीश लोकच मतं देऊन निवडतात आणि आमच्या मुख्य कारकूनही निवडूनच येतात. दुसरी शिडी केंद्राची. तिचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि ते जन्मभर खुर्चीवर राहू शकतात. आमच्या गावात केंद्रीय कोर्टाची फक्त कागद घ्यायची कचेरी रस्त्यापलीकडे, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होती. तिथला शिक्का पितळी होता, त्याला रोज फडकं मिळायचं. मला वर्षातून एकदा तेल मिळालं तरी खूप.

पण तो माझा साहेब नव्हता! राज्याचं कोर्ट म्हणजे केंद्राच्या हाताखालचं, असं पुष्कळांना वाटतं. साफ चूक. घटस्फोट, वारसा, कुंपणाची भांडणं, फुटलेली डोकी, हे सगळं आमच्याच खिडकीवर येतं आणि बहुतेक इथेच निकालात निघतं.

१९७८ साली लिओना स्कार खिडकीवर आली. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने तिचा उजवा हात मनगटापासून नेला होता. डाव्या हाताने ती बावीस गाई पिळत होती. तिने यंत्राच्या कंपनीवर दावा लावला आणि मी त्या कागदावर बसलो.

कंपनी होती परराज्यातली. अशा कंपनीला मोठा दावा केंद्रीय कोर्टात नेता येतो, पण दाव्याचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत. तो तिकडे गेला असता तर सुनावणी मोठ्या शहरात, एकशे ऐंशी मैलांवर झाली असती. लिओनाचे साक्षीदार म्हणजे तिच्या आजूबाजूचे चार गुराखी. भर हिवाळ्यात गुरं उपाशी ठेवून आठवडाभर तिकडे कोण जाणार होतं? आणि साक्षीदार नाहीत म्हणजे दावा बुडाला. कंपनीला हेच हवं होतं.

तिसावा दिवस एक नोव्हेंबर. पाचला दहा मिनिटं कमी असताना कंपनीचे वकील प्रेस्कॉट दोन लिफाफे घेऊन आत शिरले. आमच्या मुख्य कारकून वेल्मा टोर्गर्सन टोपी घालून निघायच्या बेतात होत्या.

"दावा केंद्रीय कोर्टात नेतोय. याच्यावर शिक्का मारा, आणि सगळ्या फाइलची नक्कल द्या. आत्ता!"

वेल्माबाईंनी लिफाफा पाहिला. "अहो, ही तर आमच्यासाठीची प्रत. मूळ अर्ज पलीकडे द्यायचा असतो ना?"

"म्हणजे आता तुम्ही मला कायदा शिकवणार?"

"छे हो! मी कुठे वकील आहे? सल्ला द्यायची मला परवानगीच नाही. पण भिंतीवर घड्याळ आहे, ते फुकट बघता येतं."

"बाई, अशा खेड्यातल्या खिडक्या मी खूप पाहिल्यात. तुम्ही तुमचं काम करा."

मग काय, आम्ही आमचं काम केलं. मी बसलो, चार वाजून त्रेपन्न मिनिटं. नक्कल काढणारं यंत्र तेव्हा एकेक पान रडतखडत बाहेर टाकायचं. प्रेस्कॉट पाय आपटत उभे राहिले. ते पलीकडे पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि पोस्टाचं दार बंद झालं होतं. पितळी शिक्क्याने त्यांच्या मूळ अर्जावर तारीख उमटवली ती दोन नोव्हेंबरची.

त्याच सकाळी ते परत आले. आवाज एकदम मधाळ.

"वेल्माबाई, दोन ओळी लिहून द्या. मूळ अर्ज आधी इथेच द्यायचा असं तुम्हीच मला सांगितलंत, एवढंच."

"पण मी तर उलटं सांगितलं होतं."

"तुमची निवडणूक येत्या मंगळवारी ना? आमची यंत्रं विकणारे दुकानदार या काउंटीत बरेच आहेत. त्यांच्या ओळखीही बऱ्याच आहेत."

मला वाटलं, बाई घाबरतील. त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"मग त्यांना सांगा, वेल्माला पाडा. मंगळवारी पडले तर बुधवारी घरी बसेन. पण आज मी इथे आहे, आणि घडलं नाही ते मी लिहून देणार नाही. निघा आता, मागे माणसं खोळंबलीत."

लिओनाच्या वकिलांनी हरकत घेतली. जन्मभराच्या खुर्चीवरच्या त्या केंद्रीय न्यायाधीशांनी दोन्ही तारखा पाहिल्या आणि दावा आमच्याकडे परत धाडला. त्यांनाही माझं म्हणणं खोडता आलं नाही! वेल्माबाई निवडून आल्या, फक्त एकोणीस मतांनी.

मार्चमध्ये सुनावणी झाली. माझ्यामागचं दार सुनावणीच्या दालनातच उघडतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. चारही गुराखी शेणाने भरलेल्या बुटांनिशी पहिल्या बाकावर बसले होते. लिओना साक्षीला उभी राहिली. शपथ द्यायचं काम वेल्माबाईंचं. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्या म्हणाल्या, "उजवा हात वर करा."

आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. वकिलांच्या मेजापाशी प्रेस्कॉटनी मान खाली घातली.

मित्रांनो, खिडकीवरच्या माणसांना जपा. त्यांच्याकडे शहाणपण नसतं असं समजू नका, आणि दुरून आलेला मोठा माणूस दटावतो म्हणून आपलं कोर्ट सोडू नका. लिओनाने सोडलं नाही. तिने बाही मागे सारली आणि मनगटाशी संपलेला तो हात निकाल द्यायला बसलेल्या बारा पंचांसमोर सरळ वर धरला.

"घ्या," ती म्हणाली, "केलाय वर."