बाराच्या शोचे प्रेक्षक

"पायरी आहे, जपून," म्हणत भुवनेश्वरीने महेश्वरांचा दंड घट्ट धरला आणि मोबाइलच्या उजेडात त्यांना मागून तिसऱ्या रांगेपर्यंत नेलं. खुर्ची हाताने दाबून धरली, तेव्हा ते बसले.

"गाडी किती वाजता सुटते?" त्यांनी विचारलं.

"गाडी नव्हे हो. सिनेमा. आपल्या इंद्रजीतनं काढलाय."

इंद्रजीत कोण, हे त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षं ते सोलापुरात तर्कशास्त्र शिकवत होते आणि इंद्रजीत त्यांचा लाडका विद्यार्थी. स्वतःचं लग्न कसं जमलं ते महेश्वर वर्गात रंगवून सांगायचे. तीच गोष्ट घेऊन त्याने हा हलकाफुलका सिनेमा केला होता. हुशार मुलगी, तिला वादात हरवायला निघालेला दीडशहाणा मुलगा आणि दर वादात हरत हरत तिच्या प्रेमात पडलेला.

तीन वर्षांपूर्वी महेश्वरांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. गेल्या महिन्यात ते मोहोळच्या स्टँडवर सापडले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तेव्हापासून पुण्याची लेक, अपेक्षा, हटून बसली होती. तिने तिकडच्या, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात जागा बघून ठेवली होती. रविवारी ती गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होती. आज शुक्रवार.

"त्यांना अजून कळतं गं," भुवनेश्वरी फोनवर म्हणाली होती.

"काय कळतं आई? तू कोण ते तरी कळतं का? एक तरी पुरावा दे मला."

पुरावा शोधायलाच ती त्यांना इथे घेऊन आली होती.

पडद्यावर कॉलेजची लायब्ररी आली. नायकाने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "सगळी शहाणी माणसं प्रेमात मूर्ख होतात. मी मूर्ख झालोय. म्हणजे मी शहाणा."

नायिकेने मान वर केली नाही. "अनुमान चुकलं. गाढवही मूर्खच असतं."

थिएटरभर हशा उसळला. हे शब्द तिचेच होते, पस्तीस वर्षांपूर्वीचे, अक्षर न् अक्षर. ती महेश्वरांकडे वळली. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या गालांवरून सरकत होता. तोंड जरासं उघडं. ओठाची कड हलेल, डोळा बारीक होईल, काहीतरी होईल म्हणून ती बघत राहिली. त्यांनी शर्टाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"ऐकलंत का? गाढव म्हणाली ती त्याला."

"पाणी आहे?"

तिने बाटली दिली. पुढचा विनोद आला, त्याच्या पुढचाही आला. दर वेळी लोक हसायच्या आधीच ती त्यांच्याकडे वळायची.

मध्यंतरात मागच्या रांगेत दोन बायकांचं सुरू झालं.

"लई हसवलं बाई. पण ती पोरगी काय बघून भाळली गं त्याच्यावर? दिसायला न्हाय, नोकरी न्हाय."

"डोकं बघून की."

"आन उद्या डोकंच फिरलं म्हंजे?"

"मग काय, बस म्हणावं बोंबलत."

दोघी खिदळल्या. भुवनेश्वरीने मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत आवळले. त्या बायकांचा राग आला नाही. तोच प्रश्न तिला रोज पहाटे जाग आली की पडायचा, फक्त त्यावर हसू यायचं नाही.

उत्तरार्धात मुलगा वाद सोडून देतो, गप्प होतो आणि मुलगीच त्याला शोधत जाते. पुढेमागे लोक नाक पुसत होते. महेश्वरांनी एक जांभई दिली. दिवे लागले तेव्हा तिने बाटली पिशवीत टाकली. अपेक्षाला काय सांगायचं ते आता ठरलंच होतं.

बाहेर दारातच एक मुलगी मोबाइल आणि छोटा माइक घेऊन उभी होती. सिनेमाच्या चॅनेलसाठी लोकांची मतं घेत होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, संस्कृती. एकाने सांगितलं, "टाइमपास हाय, घरच्यांना घेऊन या." दुसरा म्हणाला, "एवढं डोकं लावून कुणी प्रेम करतं व्हय?"

माइक महेश्वरांपुढे आला. "सर, कसा वाटला सिनेमा?"

"नको गं, त्यांना बरं नाही," भुवनेश्वरी त्यांना ओढायला लागली. पण महेश्वर थांबले. वर्गात प्रश्न आला की थांबायचे, तसे.

"मुलगा बरा आहे," ते सावकाश म्हणाले. "बोलतो फार."

आजूबाजूचे हसले. संस्कृतीला चेव आला. तिने माइक भुवनेश्वरीकडे वळवला. "आणि काकू, तुम्हाला?"

"यांना विचारू नका," महेश्वर म्हणाले. "यांनी सिनेमा पाहिलाच नाही. सगळा वेळ माझ्याकडं बघत बसल्या होत्या."

आता हशा मोठा झाला. भुवनेश्वरीचा हात त्यांच्या दंडावरच राहिला.

"अगंबाई! मग ह्या कोण तुमच्या, सर?"

महेश्वरांनी तिच्याकडे पाहिलं. कपाळ, कुंकू, पांढऱ्या झालेल्या बटा, सगळं नीट पाहिलं, नवीन पाहिल्यासारखं. मग मुलीच्या बाजूला झुकून हळूच म्हणाले,

"अजून ठरलं नाही. विचारायचं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा सिनेमापेक्षा भारी हाय की!"

गर्दी पांगली, तशी संस्कृती जवळ आली. "काकू, हा तुकडा मी एकदम शेवटी घेते. तुम्हालाही पाठवू? नंबर सांगा ना."

"हो. माझ्या मुलीला पाठव, पुण्याला." भुवनेश्वरी पाठ असलेला नंबर सांगायला लागली. चार आकडे सांगून झाले आणि ती अडखळली. अपेक्षाला यात एवढंच दिसलं असतं, की ह्या कोण ते त्यांना सांगता आलं नाही. संस्कृती बोट मोबाइलवर टेकवून वाट बघत उभी होती.

महेश्वर दोन पावलं पुढे जाऊन थांबले होते. भर उन्हात, तिच्यासाठी सावलीतली जागा सोडून, जराशा कडेला.

"ते खोड," भुवनेश्वरी म्हणाली. "माझा घे."