पोळं की पोवळं

बस डेपोतून निवृत्त झालेल्या मेस्त्रींच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी दगड यायचा. दोन हातांत जेमतेम मावेल एवढा, काचेच्या कपाटात मखमलीच्या तुकड्यावर विराजमान झालेला. मेस्त्री तो तान्ह्या बाळासारखा उचलून आणत आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवत.

"काय आहे, ओळखा बरं."

दगडावरची चकचकीत, खोलगट घरं बघून पाहुणा चाचरत म्हणायचा, "मधमाश्यांचं पोळं?"

"पोळंच! पण दगड झालेलं. लाखो वर्षांपूर्वीचं. सगळ्या मुलखात दुसरं दाखवा, मी मिशी उतरवतो."

मग खाणीच्या रस्त्यावर बंद पडलेल्या बसची गोष्ट सुरू व्हायची. तरुणपणी ती बस दुरुस्त करायला गेलेले मेस्त्री चाकाखाली लावायला दगड शोधत होते आणि हाताला हे लागलं. बस राहिली बाजूला, हे दगडच बघत बसले, म्हणून साहेबांनी झापलं. ते झापणंसुद्धा ते मोठ्या कौतुकाने सांगत. गल्लीत त्यांचं नाव पोळेवाले मेस्त्री पडलं होतं. दरवर्षी ते दगडाला स्वतः वॉर्निशचा एक हात देत. त्यांची बायको म्हणायची, "लग्नात मला एवढं नटवलं नव्हतं कुणी."

त्यांची सून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. नंबरच्या काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायच्या, हे तिचं काम. काचेवरचा केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. एका रविवारी ती नवऱ्याबरोबर बंद पडलेल्या खाणीकडे फिरायला गेली होती, तेव्हा तिला बोटभर लांबीचं, शिंगासारखं वाकलेलं काहीतरी सापडलं. रुंद टोकाकडून पाहिलं तर काठापासून मध्यापर्यंत बारीक रेघा एकत्र आलेल्या. तिला आधी वाटलं, एखाद्या यंत्राचा भाग असेल.

गावातल्या संग्रहालयातल्या बाईंनी तो तुकडा भिंगाखाली धरला आणि हसल्या. "प्रवाळ आहे हे. एकट्याने राहणारं. जीवाश्म. आपण आत्ता बोलतोय ना, तिथे समुद्र होता."

सून घरी आली ती पाय जमिनीवर ठरत नसल्यासारखी. त्या दिवसापासून तिला नादच लागला. रविवार आला की खाण, पाण्याची बादली, दात घासायचा जुना ब्रश आणि काड्यापेट्यांच्या रिकाम्या डब्या. नवरा पिशवी उचलून मागे मागे चालायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "लोक बायकोला फुलं नेतात, मी खडी नेतो."

ओळखायचं कसं, हे ती हळूहळू शिकली. प्राणी एकटा होता की वसाहत करून राहणारा? प्रत्येक घरात सायकलच्या आऱ्यांसारखे मध्याकडे जाणारे उभे पडदे आहेत, की नुसते एकावर एक आडवे मजले? ती चुकायचीही. एकदा सिमेंटचं एक ढेकूळ तिने आठवडाभर भिंगाखाली पाहिलं, आणि शेवटी त्यातून लोखंडाची तार निघाली. घरातले हसून लोळले. तीही हसली आणि पुढच्या रविवारी परत खाणीत गेली.

मग एकदा साफसफाईच्या निमित्ताने कपाटातला सासऱ्यांचा दगड तिच्या हातात आला. रोज बघितलेली वस्तू तिने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. घरं सारखी नव्हतीच. कुठे पाच कोन, कुठे सहा, कुठे सात. दोन मोठ्या घरांच्या बेचक्यात एखादं चिमुकलं, नुकतंच जागा करून घेतलेलं. आणि खालच्या कडेला, वॉर्निशच्या थराखाली, चक्क शिंपल्याचा ठसा.

तिने दगड होता तसा मखमलीवर ठेवला.

"आई," ती स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाली, "बाबांचं पोळं पोळं नाहीये."

सासूबाईंनी दारातून बाहेर डोकावून पाहिलं. "मग काय आहे?"

"पोवळं. म्हणजे प्रवाळ. समुद्रातलं."

"पोळं, पोवळं. एका 'व'चाच तर फरक आहे," सासूबाई म्हणाल्या. "राहू दे. त्या दगडावर त्यांचा रक्तदाब अवलंबून आहे."

नवऱ्याचंही तेच मत पडलं. सून मूग गिळून बसली. पाहुणे येत, दगड मांडीवर बसे, ती चहाचा ट्रे घेऊन मुकाट्याने आत जाई.

पण पुढे संग्रहालयाने ठरवलं की गावातल्या लोकांच्या घरातल्या जपून ठेवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं. पोळेवाल्या मेस्त्रींना पहिलं बोलावणं आलं. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. जाड पुठ्ठा कापून त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं : 'मधमाश्यांचे अश्मीभूत पोळे'. तो पुठ्ठा हातात धरून ते सुनेसमोर उभे राहिले. "बघ गं, शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

शुद्धलेखन बरोबर होतं. आणि उद्या-परवा कुणी जाणकार माणूस येणार, हा पुठ्ठा वाचणार आणि मिशीतल्या मिशीत हसणार, हेही तिला लख्ख दिसलं. परक्याने हसण्यापेक्षा आपण बोललेलं बरं, असं तिने ठरवलं.

"बाबा, रागावू नका. हे पोळं नाही."

तिने कपाटातला दगड काढून त्यांच्यापुढे धरला.

"हे एकेक घर नखाएवढं आहे. एवढी मोठी मधमाशी कधी बघितलीत? आणि हा शिंपला बघा. पोळ्यात शिंपला कुठून आला?"

"तू कालची पोर," मेस्त्री म्हणाले. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी हा दगड ओळखतो."

"ओळखता, पण..."

"सिमेंटवालीने मला शिकवू नये!"

पुठ्ठा टेबलावर आपटून ते निघून गेले. पुढचे काही दिवस घरात नुसती धुसफूस. सुनेशी बोलायचं असलं, की ते बायकोशी बोलत. "तिला सांग, मीठ जास्त झालंय." सासूबाई निरोप पोचवायच्या, "मीठ जास्त झालंय म्हणे," आणि सून शेजारीच बसलेली असायची.

नंतर एका दुपारी ती कामावरून आली, तर अंगणात वर्तमानपत्रं पसरलेली. मेस्त्री डेपोतला जुना निळा डगला चढवून बसलेले. पुढ्यात थिनरचा डबा, चिंध्या आणि तो दगड.

"शिंपला मीही पाहिला," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "शिंपलाच आहे. इतकी वर्षं मी त्याला डाग समजून वर वॉर्निश मारत होतो. आता मला खात्री पाहिजे. इंजिन उघडल्याशिवाय मी कधी बिघाड सांगितला नाही. कसं उघडायचं हे?"

सून त्यांच्या समोर बसली. "एक बाजू घासून सपाट करावी लागेल. मग आतलं दिसेल. पण दगड परत पहिल्यासारखा होणार नाही, बाबा."

त्यांनी दगड उलटा केला. तळाला जिथे तो कधीकाळी फुटला होता, त्या ओबडधोबड भागावर बोट ठेवलं. "इथे घास. वरचा चेहरा राहू दे."

तिच्याही डोक्यात ही जागा आली नव्हती.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी घासायची उरलेली पूड आनंदाने दिली, जाडी, मध्यम आणि पिठासारखी बारीक. जाड काचेच्या तुकड्यावर पूड आणि पाणी टाकून सून दगड गोल गोल फिरवू लागली. मेस्त्री आपल्या पाळीला थिनरने वरच्या घरांतलं वॉर्निशही काढत. तिचे हात भरून आले की दगड मेस्त्रींकडे जाई, त्यांच्या बोटांचे सांधे दुखू लागले की तिच्याकडे. हे काम काही दिवस पुरलं. सासूबाई दारात बसून म्हणायच्या, "एवढं तर मला पाट्यावर कधी वाटावं लागलं नाही." पण चहा त्या न मागता आणायच्या.

घासताना सून त्यांना समजावून सांगत होती. "दोन शक्यता आहेत, आरेवालं किंवा मजलेवालं. मला वाटतं, हे नुसतं मजलेवालं असेल. आत आरे दिसायचे नाहीत. वरून एवढं बघितलं, एकही आरा दिसला नाही."

शेवटची बारीक पूड धुऊन काढली आणि तळ ओला असतानाच मेस्त्रींनी तो उन्हाकडे तिरका धरला. डोळे बारीक करून त्यांनी तो जवळ नेला.

"तू म्हणालीस, आरे दिसणार नाहीत."

"हो."

"मग हे काय आहे?"

तिने भिंग लावलं. करड्या दगडात घराला घर चिकटलेलं, आणि प्रत्येक घरात काठापासून मध्याकडे निघालेल्या पांढऱ्या बारीक रेघा. एका घरात नाही, सगळ्या घरांत. जणू कुणी चाकांची आख्खी रास शेजारी शेजारी रचून ठेवली होती.

"मी चुकले," सून म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चिरकला. "बाबा, मी चुकले! तुम्ही ओळखलंत!"

"वरून दिसले नसते तुला," मेस्त्री म्हणाले. "माझ्या वॉर्निशने सगळे बुजले होते. हे बघ, आता वरही दिसायला लागलेत." आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसले. "आयुष्यभर चाकं बघितली गं. आरे नाही ओळखणार मी?"

दोघं सुनेचं जीवाश्मांचं पुस्तक घेऊन बसले. घरांच्या मधली भिंत सलग आहे का? आहे. आरे भिंतीपासून मध्याच्या जवळ जातात का? जातात. एकेक पान उलटत, शंका काढत, भांडत ते एका चित्राशी थांबले. खाली लॅटिन नाव होतं, हेक्सागोनारिया. मेस्त्रींनी ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. "गिअरबॉक्समधला पार्ट वाटतो," ते म्हणाले. रात्री जेवायला बसेपर्यंत नाव त्यांना पाठ झालं होतं, आणि जेवताना त्यांनी मीठ कसं आहे ते थेट सुनेला सांगितलं. बरोबर होतं.

संग्रहालयातल्या बाईंनी दगडाचा तळ भिंगाखाली बराच वेळ पाहिला. "तुम्ही म्हणता तेच आहे," त्या म्हणाल्या. "याच्या पुढची नेमकी जात सांगायला मात्र पातळ काप काढावा लागेल, ते मला इथे जमणार नाही. पण घासलंय कुणी हे? आरसा आहे अगदी."

"आम्ही," दोघं एकदमच म्हणाले.

जुना पुठ्ठा मेस्त्रींनी स्वतःच्या हाताने फाडला. नव्या पुठ्ठ्यावरून मात्र वाद झाला. सून म्हणाली, ज्याला सापडला त्याचं नाव वर. मेस्त्री म्हणाले, सापडणं काय, चाकाखाली लावायला दगड कुणालाही सापडतो. तो काय आहे हे ज्याने सांगितलं त्याचं नाव वर. शेवटी बाईंनीच मध्ये पडून दोन्ही नावं एका ओळीत लिहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी मेस्त्री नवा शर्ट घालून दगडाशेजारी उभे होते. दगड आता आरशाच्या वर तारेच्या घडवंचीवर ठेवला होता, म्हणजे वरचा चेहरा आणि खालचा तळ दोन्ही दिसावेत. वॉर्निश नव्हतं, चमक नव्हती, पण माणसं वाकून वाकून बघत होती. मेस्त्री सांगत होते, "मी अर्धं आयुष्य याला भलतंच काहीतरी समजत होतो. आमच्या सुनेने डोळे उघडले. चष्म्याच्या दुकानातच असते ना." मग स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसत होते. सून थोडी मागे उभी होती. सासरे आपली चूक एवढ्या तोऱ्यात सांगताहेत, हे ऐकून तिचीच मान ताठ झाली होती.

गर्दीतून एक वयस्कर बाई पुढे आल्या. त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेला काळपट गोटा काढला. "आमच्या विहिरीत निघाला होता. हेही तसलंच काही आहे का हो?"

मेस्त्रींनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, रुमालाने झटकली आणि सुनेला बसवलं. "इथे द्या. आमची सून बघेल."

तिने गोटा फिरवून फिरवून पाहिला, ओला करून पाहिला, भिंग लावलं. घाई केली नाही. "प्रवाळ नाहीये, मावशी. पण ही बघा, इथे शिंपल्याची कड आहे. आत अख्खा शिंपला असू शकतो. फोडू नका. घासायला शिकवते मी."

मावशींच्या मागे आणखी दोघं-तिघं खिसे चाचपत उभे राहिले होते. संग्रहालयातल्या बाई हे सगळं दुरून बघत होत्या. गर्दी थोडी कमी झाल्यावर त्या सुनेजवळ आल्या.

"लोक सारखे दगड घेऊन येतात माझ्याकडे, मला एकटीला वेळ पुरत नाही. महिन्यातून एक शनिवार इथे टेबल टाकलं, तर बसाल का तुम्ही?"

"बसेल की!" मेस्त्री म्हणाले. "न बसायला काय झालं?"

"बाबा," सून म्हणाली, "मला विचारलंय."

मेस्त्रींनी तोंडावर बोट ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"बसेन," सून म्हणाली. "पण टेबल मोठं पाहिजे. आम्ही दोघं असू."