तोकड्या दांड्याचा सूड

मी फावडं बोलतोय, वाळवंटातल्या तोझर गावच्या खजुरीच्या बागेतलं. आधीच सांगतो, माझ्या पोटात राग आहे आणि तो मी गिळणार नाही.

लोहाराने मला घडवलं तेव्हा माझा जैतुनाचा दांडा लझरच्या छातीला लागत होता. लझर म्हणजे बागमालक सी मक्कीचा, म्हणजे आपल्या मक्कीशेठचा, बागवान. पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून तो मला चालवायचा. दोन-चार वाफे झाले की दांड्यावर हनुवटी टेकवून उभा राहायचा, कंबर मोकळी करायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

ते उभं राहणंच सी मक्कीच्या डोळ्यांत खुपलं. बांधावर बसून पुदिन्याचा चहा पिताना त्याला लांबून एवढंच कळायचं, कोण वाकलाय आणि कोण उभा आहे. एका सकाळी तो करवत घेऊनच आला.

"सी मक्की, दांडा कापलात तर माझी कंबर जाईल हो," लझर म्हणाला.

"वाकलेला माणूस म्हणजे काम चालू! टेकायला काही नसलं की हात आपोआप चालतात, लेका."

माझ्या अंगाचा भलामोठा तुकडा त्याने कापला आणि काठी म्हणून मिरवायला घेतला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, तुला सोडत नाही.

लझर दिवसभर कमरेत दुमडून खणू लागला. त्याला छळायचं माझ्या मनात नव्हतं, पण एवढ्याशा दांड्याने मी तरी काय करणार? हिवाळा सरता सरता ओल्या मातीचं ओझं घेऊन तो कमरेतून वळला आणि तिथेच कोसळला. त्याची बायको झोहरा गाढव घेऊन धावत आली.

"हा उठलाच नाही तर आम्ही खायचं काय?" तिने सी मक्कीला विचारलं. त्याने पेल्यात आणखी चहा ओतून घेतला. माझं पातं संतापाने जळत होतं.

पाण्याची पाळी मात्र कुणासाठी थांबत नाही. पाटाला पाणी आलं आणि वाफ्यांची मातीची दारं मोडून पाणी आत सोडायला माणूस नव्हता. शेवटी सी मक्कीने स्वतः मला उचललं. किती वाट पाहिली होती मी! सकाळचा गारठा, आखडलेलं अंग, गुडघे ताठ, आणि हा सरळ कमरेतून वाकला. मी चिखलात घट्ट रुतून बसलो. त्याने हिसका दिला. कड्! त्याची कंबर धरली आणि तो तसाच वाकलेला अडकला.

"अरे, या रे कुणीतरी!" तो कळवळला. पाण्याच्या खळखळाटात ऐकतो कोण? पलीकडच्या बांधावरून शेजारचे बागवान चालले होते.

"अरे बघा, सी मक्की वाकलेत!"

"काम जोरात चालू दिसतंय! अल्ला बळ देवो, सी मक्की!"

आणि गेले की निघून. पाणी त्याच्या बुटांत शिरलं तेव्हा मला हसू आवरेना.

लझर उन्हाळ्यात उठला. झोहराने मला नवा लांब दांडा घालून दिला. सी मक्की मात्र सरळ झालाच नाही. माझ्याच तुकड्यावर भार देऊन, जमिनीकडे बघत फिरतो. मला त्याची जराही दया येत नाही.

बागेत राबणाऱ्यांनो, दांडा छातीला लागेल असा घ्या. गुडघे वाकवा, ओझं घेऊन कमरेतून वळू नका, मधूनमधून उभे राहा. दुसऱ्याचा दांडा कापायला निघालात, तर गाठ माझ्याशी आहे.

तो बघा, आलाच सी मक्की. त्याला लझरचे फक्त पाय दिसतात.

"लझर, काम चालू आहे ना?"

लझरची हनुवटी माझ्या दांड्यावर टेकलेली आहे.

"चालू आहे, सी मक्की."