मला रिकामीच मोजलं

मी जुनी मोटारसायकल बोलतेय, आणि आज मी गोड बोलणार नाहीये. गोड बोलून झालं. माझं गोड बोलणं म्हणजे इंजिनाचा ठोका. तो ऐकून लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि चालू लागतात. म्हणून आता तोंड सोडूनच सांगते. आमच्या घरात दोन शहाणी माणसं एकमेकांना जपायच्या नादात शुद्ध मूर्खपणा करताहेत, आणि त्यापायी एका माणसाचं गाडी चालवणं कायमचं सुटायला आलंय. कारण काय, तर एक माप. चुकलेलं साधं माप.

माझा जन्म झाला तेव्हा आमच्यासारख्यांच्या वाट्याला तेल भरलेले नळीचे शॉकअप आलेले नव्हते. पुढच्या चाकाला लोखंडी चौकट आणि तिच्या मधोमध एक जाडजूड स्प्रिंग, संपलं. मागच्या चाकाला तेवढंही नाही. सीटखाली दोन स्प्रिंगा आणि बाकी बसणाऱ्याचं नशीब. खड्डा आला की तो चाकातून हँडलात, हँडलातून मनगटात आणि तिथून थेट दाढेत जायचा. पण मी चालायचे मात्र नाकासमोर. त्या बाबतीत कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही.

पहिला मालक फोटोग्राफर होता. मला पुसायचा कमी आणि माझ्यावर रेलून स्वतःचे फोटो काढून घ्यायचा जास्त. त्याने मला विकलं टेलिफोन खात्यातल्या एका लाइनमनला. हा गडी अंगाने एवढा भरलेला की मित्र त्याला पैलवान म्हणायचे. तो पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा सीटच्या स्प्रिंगांनी तक्रार केली, मी नाही केली. पाठीवर तो, मागे तारेचं वेटोळं, बाजूला शिडी. वादळ झालं की सगळे घरात आणि आम्ही दोघं रस्त्यावर. कुठे कुठे नेलं मी त्याला, विचारू नका.

माझ्यात नवीन काही बसवायचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. कोणी म्हणालं, "पैलवान, पुढे नव्या गाडीचे शॉकअप टाका की, हाडं वाचतील," तर हा म्हणायचा, "आधी तुझ्या म्हाताऱ्याला नवे पाय बसव, मग माझ्याकडे ये." एक नट गंजला तर जुन्या बाजारात तसाच नट मिळेपर्यंत उन्हातान्हात फिरायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, तिला पुसायला धुतलेलं फडकं लागतं, आणि माझ्या ओट्याला कुठलंही चालतं." तो हसायचा आणि धुतलेलंच फडकं घ्यायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग तो पडला. आयुष्यभर खांबांवर चढलेला माणूस, पडला कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, दिवा बदलताना. उजव्या मनगटाचा चुरा झाला. आत धातूची पट्टी घातली. डॉक्टर म्हणाले, हात कामाला येईल, पण दणके चालणार नाहीत. आता तुम्हीच सांगा, माझ्यावर बसायचं आणि दणके नकोत, हे कसं जमणार?

त्याने एकदा प्रयत्न केला. कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात त्याच्या तोंडून अशी शिवी निघाली की शेजारचं कुत्रं उठून गेलं. परत येऊन त्याने मला शेडमध्ये लावलं आणि वर ताडपत्री टाकली. कोणी विचारलं की सांगायचा, "कार्ब्युरेटरचं काम निघालंय." कसलं काम? माझा कार्ब्युरेटर ठणठणीत होता. ताडपत्रीखाली राहून बघा एकदा, म्हणजे कळेल. पेट्रोलचा वास मरतो, रबर तडकतं, उंदीर सीटमध्ये संसार मांडतात. आणि हा रोज संध्याकाळी येऊन ताडपत्री उचलणार, टाकीवर हात फिरवणार आणि परत झाकून जाणार. त्या हाताचा मला इतका संताप यायचा की विचारू नका. मला गोंजारून काय करायचंय? मला चालव ना.

शेवटी त्याच्या मुलीने विषय काढला. ही मुलगी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि कॅप बनवते. अंगाने आईवर गेलेली, काडीसारखी. स्वभावाने बापावर, हट्टी.

"बाबा, मनगट बदलता येत नाही. गाडीचं पुढचं बदलता येतं," ती म्हणाली.

जेवण उरकून तो उठला. मग शेडमध्ये आला, ती मागोमाग आली, आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "फ्रेमला वेल्डिंग लावायचं नाही. एक भोकसुद्धा पाडायचं नाही. जुनं सगळं तेल लावून, गुंडाळून ठेवायचं."

"बरं. आणि?"

"आणि लवकर कर. मला चालवायचीय."

हे वाक्य बोलायला त्याला किती जड गेलं ते मी पाहिलंय. जन्मभराचं बोलणं त्याने गिळलं, ते फक्त स्वतःच्या हाताने गाडी चालवता यावी म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण घरातले सगळे ते विसरलेत.

तर काम सुरू झालं. मागून ठोकर बसलेल्या एका नव्या गाडीचा पुढचा भाग मिळाला, शॉकअप, चाक, ब्रेक सगळं शाबूत. मुलीच्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत, त्यांनी माझ्या मानेत बसेल असा नवा दांडा कातला. माझ्या मानेतले जुने छरे एका वाटीत निघाले आणि त्यांच्या जागी बेअरिंग बसली. आपली मान कोणी सोलत असताना गप्प बसणं काय असतं, ते दाढ उपटून घेतलेल्यांना विचारा. तरी मी ब्र काढला नाही. म्हटलं, चालवणार आहे ना तो, मग होऊ दे.

पैलवान मात्र तिथेच घुटमळायचा. "पाना उलटा धरलायस." "तेल सांडलं बघ." "तो बोल्ट आधी नाही, नंतर." शेवटी मुलगी वैतागली. "बाबा, तुम्ही आत जाऊन बसा बघू. तुम्ही डोक्यावर उभे असलात की मला काही सुचत नाही." तो गेला. तिथेच घात झाला.

माप घेतलं ते मला मेन स्टँडवर चढवून, पुढचं चाक अधांतरी लोंबत असताना. जुन्या चौकटीची उंची, नव्या शॉकअपची उंची. मुलीने व्हर्नियर लावला, काकांनी चष्मा पुसून परत बघितलं.

"ताई, केसाचा फरक नाही," काका म्हणाले.

"नसणारच," ती म्हणाली.

अगं बाई, पण माणूस कुठेय? माझी जुनी स्प्रिंग आडमुठी होती, वर डोंगर बसला तरी जेमतेम दबायची. हे नवे पाय तसे नाहीत. माणूस बसला की ते खाली बसतात, बसायलाच हवेत, त्यातच त्यांचा मऊपणा आहे. हलका माणूस बसला तर थोडे, जड बसला तर पार. म्हणजे माप घ्यायचं ते जो चालवणार त्याला वर बसवून. आणि हे कोणी विसरावं? दाताचा ठसा आला आणि सोबत चावाचं माप नसेल तर जी मुलगी तो ठसा डॉक्टरला परत धाडते, तिने. "पेशंटला चावायला लावल्याशिवाय मी कवळी बनवत नाही," असं माझ्याच सीटवर बसून फोनवर ठणकावताना मी तिला ऐकलंय. माणसाच्या तोंडासाठी एवढी अक्कल, आणि बापाच्या गाडीसाठी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिली फेरी तिनेच मारली. तिचं वजन ते केवढं, नवे पाय दबले न दबले. खरं सांगते, मला उडायला झालं. तो कोपऱ्यावरचा खड्डा आला, चाक खाली गेलं, वर आलं, आणि हँडलाला पत्ताच नाही. ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाबा, घ्या. काही लागत नाही हाताला."

पैलवान बसला. त्याने किक मारली, पहिल्या ठोक्याला मी सुरू झाले, आणि मी पुढून खाली गेले. खाली, आणखी खाली. गल्लीत काही जाणवलं नाही. मोठ्या रस्त्याला लागून त्याने वेग दिला आणि पुढच्या सायकलवाल्यासाठी जरासा ब्रेक लावला, तशी मी नाक घासत वाकले, पुढचं चाक माझ्या पोटाकडे सरकलं आणि हँडलाने डावी-उजवी सुरू केली. नाक एवढं खाली गेलं की चाकाला सरळ धरणारा मानेचा कल उरत नाही, सरळ राहायचं कसं ते माझी मान विसरली. मी ओरडत होते, पण माझ्या ओरडण्याला लोक इंजिन म्हणतात. त्याने कशीबशी मला कडेला घेतली, दोन्ही पाय टेकवले आणि थांबला.

त्याने माझ्याकडे पाहिलं असतं तरी चाललं असतं. खाली वाकून शॉकअप बघितले असते, तर जन्मभर यंत्रं हाताळलेल्या माणसाच्या लक्षात आलं असतं. पण त्याने पाहिलं स्वतःच्या हातांकडे. त्याला वाटलं, हिसके त्यांनीच दिले. आणि मग तो उतरला आणि मला ढकलत घरी घेऊन आला. मला, ढकलत! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

घरी मुलगी दारातच उभी होती. "बंद पडली?"

"नाही गं. छान झालीये. मनगटाला काही लागलं नाही."

"मग?"

"मग काय. आता तूच चालव."

तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. बाप आत गेल्यावर ती माझ्या शॉकअपवरची धूळ पुसत राहिली.

संध्याकाळी पैलवान आणि त्याची बायको शेडच्या पायरीवर बसले होते. ती भाजी निवडत होती. तो म्हणाला, "हात गेले माझे. गाडी सरळ धरता येईना. पोरीच्या हातात सरळ जाते, आणि माझ्या हातात नुसती वळवळते."

"मग सांगा ना तिला."

"काय सांगू? तिने एवढं केलं आणि बापच कामातून गेलाय? राहू दे. तिला वाटू दे मला आवडलं नाही म्हणून."

बायकोने भाजी खाली ठेवली. "तुम्ही दोघं म्हणजे ना," एवढंच म्हणाली. अहो बाई, पुढचं बोला की. तुम्हीच बोलणार नसाल तर बोलायचं कोणी?

आता दुसऱ्या शहाणीचं ऐका. ती मला घेऊन लेथवाल्या काकांकडे गेली. "काका, त्यांना जुनंच हवं होतं. माझ्या शब्दाखातर हो म्हणाले. मी त्यांची गाडी बिघडवली."

"असं कसं, ताई? मस्त चालतेय की."

"माझ्या हातात चालते. त्यांना ती आपली वाटत नाही. येत्या रविवारी जुनं पुढचं परत चढवू. निदान बघायला तरी त्यांची राहील."

बघायला. ऐकलंत? म्हणजे परत दणके, परत ताडपत्री, परत संध्याकाळी टाकीवर तो हात. बापाने मुलीसाठी तोंड मिटलं, मुलगी बापासाठी नवे पाय काढून टाकणार, आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणार. असली माया चुलीत घाला.

काल तर कळस झाला. मनगट दाखवायला डॉक्टरांकडे जायचं होतं. मुलगी पुढे, पैलवान मागे. त्याचं सगळं वजन मागच्या चाकावर, पुढे ही काडी. माझं नाक वर, मान ताठ. मी अशी सरळ गेले की माझीच मला चीड आली. मी वळवळायला बघत होते, देवाशपथ. एकदा जरी वळवळले असते तरी कोणाला तरी शंका आली असती. पण सरळ चाललेल्या चाकाला वाकडं जाता येत नाही.

सिग्नलला थांबलो तेव्हा तो मागून म्हणाला, "तुझ्या हातात छान चालते गं."

तिला वाटलं, बाप समजूत घालतोय. त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. एवढा अवाढव्य माणूस, हात इतके हलके ठेवून बसला होता, जणू त्या हातांनी आता काही धरायलाच नको. दिवा हिरवा झाला आणि आम्ही निघालो.

हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही माझे फोटो काढता, माझ्या सायलेन्सरची तारीफ करता, तर एक काम करा. रविवार यायच्या आत आमच्या दारात या. चहा मागू नका, जुन्या आठवणी काढू नका. बापाला सांगा, हात गेलेले नाहीत. मुलीला सांगा, त्याला आवडलं नाही असं काही नाही. ऐकणार नाहीतच, दोघंही हट्टी आहेत. मग सरळ पैलवानाला दंडाला धरून माझ्यावर बसवा, दोन्ही पाय वर घ्यायला लावा, दोन माणसांनी मला बाजूने धरा, आणि त्या मुलीच्या हातात टेप द्या. मी किती खाली जाते ते तिला तिच्या डोळ्यांनी बघू द्या. आत थोड्या जाड स्प्रिंगा लागतील, फार तर स्प्रिंगांवर बोटभर जाडीचं पॅकिंग. एका दुपारचं काम आहे.

पण आधी त्याला बसवा, आणि मग मोजा.