अंकिताच्या मापाची पुतळी

मी एक जुनी पुतळी आहे, मित्रांनो. देवळातली नव्हे आणि चौकातलीही नव्हे. पोलादपूरला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत सरिताचं शिवणकामाचं दुकान आहे, तिथे दाराशी लोखंडी दांड्यावर मी उभी असते. मला पाय नाहीत. उजवा हात कोपरापर्यंतच आहे आणि नाकाचा रंग उडाला आहे. तरीही जाणारे-येणारे आधी माझ्याकडेच बघतात, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. अंगावर नवा कपडा असला की तोरा आपोआप येतो.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. फायबर साच्यात ओतलं की आमच्यासारख्या बायका तयार होत. सगळ्यांची कंबर सारखीच बारीक, मान सारखीच लांब आणि तोंडावर सारखाच कंटाळा. माझ्या काही बहिणी मोठमोठ्या मॉलमध्ये गेल्या. मी ट्रकमधून महाडला आले आणि बाजारपेठेतल्या एका साडीच्या दुकानात काचेमागे उभी राहिले. तेव्हा मला पाय होते, तेही उंच टाचांचे. लग्नसराईत बायका यायच्या आणि मालकाला म्हणायच्या, "हिच्या अंगावरची दाखवा." कौतुक साडीचं असायचं, पण मी ते माझंच समजायचे. मग मालक ती साडी माझ्या अंगावरून उतरवायचा आणि घडी करून पिशवीत घालायचा. जे मला शोभलं ते माझ्याकडे कधीच राहिलं नाही. आमच्या जातीचं नशीबच तसं आहे.

पुढे एका जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि काच फोडून मला घेऊन गेलं. पाय कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. गाळ उपसताना मी सापडले तेव्हा मालकाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला ढिगाऱ्यावर टाकून दिलं. त्याचंही बरोबर होतं, त्याचं सगळं दुकानच गेलं होतं. त्या ढिगाऱ्यावरून मला सरिताने उचललं, नळाखाली धुतलं आणि कडेवर घेऊन ती एस.टी.त बसली. कंडक्टरने विचारलं, "हिचं अर्धं तिकीट काढायचं का?" सरिता म्हणाली, "अर्धीच हाय, अर्धं काढा." सगळी गाडी हसली. मलाही हसायला आलं असतं, पण आमच्या तोंडात ती सोय नसते.

सरिताच्या दुकानात आल्यावर माझं खरं आयुष्य सुरू झालं. तिची कामाची एक रीत आहे. साच्यातून निघालेल्या माझ्या अंगाचा तिला काही उपयोग नाही, कारण तशी बाई पोलादपूर तालुक्यात एकही नाही. म्हणून ती जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडते आणि गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे माझ्या अंगाला गुंडाळते. कुणाची कंबर जाड, कुणाचा एक खांदा डोक्यावर ओझी वाहून खाली आलेला, कुणी पोटुशी. पट्ट्या बांधून झाल्या की मी तीच बाई होते. कपडा शिवून झाला की पट्ट्या सुटतात, आणि मी पुन्हा कुणीच नसते.

शिवताना सरिता मोबाइल माझ्या तुटक्या हाताला टेकवून ठेवते आणि फॅशन शो लावते. त्यामुळे परदेशातले रॅम्प मी इथे उभ्याउभ्या पाहिले आहेत. खरं सांगू का, मित्रांनो? आधी मी हरखून गेले होते. काय तो झगमगाट, काय ते चालणं. मला पाय असते तर मीही तशीच चालले असते, असं वाटून आत काहीतरी तुटायचं. पण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला प्रश्न पडायला लागले. ह्या पोरी एवढे सुंदर कपडे घालून रागावल्यासारख्या का चालतात? कुणी त्यांना घरातून उपाशी पाठवलं आहे का? एकीने गोणपाटाचा झगा घातला होता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत प्रत्येक बाई गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन चिखलात वाकलेली असते. तिच्यासाठी अजून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

नट्यांचंही तसंच. विमानतळावर त्या झोपेतून उठून आल्यासारख्या दिसतात, आणि तसं दिसायला म्हणे दोन माणसं सकाळपासून राबत असतात. एकीने एकदा घातलेला कपडा दुसऱ्यांदा घातला तर त्याची बातमी होते. इथे ठेवणीतला शालू सात लग्नांत नेसला तरी बायका म्हणतात, "अजून नवा दिसतो गो," आणि नेसणारीचा चेहरा फुलतो. पण सगळ्यात नवल मला वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. त्या पोरी उपास करून कंबर माझ्याएवढी करतात, हसू पुसून तोंड माझ्यासारखं करतात, डोळे माझ्यासारखे कुठेच न बघणारे करतात. त्या माझ्यासारखं व्हायला धडपडतात आणि मी इथे माणूस व्हायला तळमळते. आमची अदलाबदल करून देणारा कुणी भेटला असता तर किती बरं झालं असतं.

आता ठकूबाईंची गोष्ट सांगते. ठकूबाई जवळच्या कापडे गावच्या. नवरा मालोजी, भाताची शेती, आणि एकच मुलगी, अंकिता. शिमगा होऊन गेल्यावर एका बाजारच्या दिवशी त्या दुकानात आल्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून सरितापुढे ठेवला. वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं चित्र होतं. एक नटी मोरपिशी गाऊन घालून उभी होती आणि गाऊनचा घोळ मागे एवढा लांब पसरला होता की आमच्याकडे त्याने अंगण झाडून झालं असतं.

"असा शिवायचा," ठकूबाई म्हणाल्या.

सरिता हसली. "कुणाला, काकी? ही फॅशन तर जुनी झाली. आता असले घोळ कोण नाय घालत."

"अंकिताला. तिच्या मनातला जुना नाय झाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अंकिता महाडला कॉलेजात होती तेव्हा गॅदरिंगला फॅशन शो ठरला होता. तिने नाव दिलं. हे चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि आरशासमोर ती आईची साडी मागे सोडून चालून बघायची. मालोजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "लोकांपुढं मिरवायला शिकवली काय तुला?" आणि त्यांनी तिचं कॉलेजच बंद केलं. पोरगी मामाकडे मुंबईला गेली, तिकडेच नोकरीला लागली, तिकडेच लग्न केलं. आईशी फोनवर बोलायची, बापाचं नाव काढायची नाही. गावी परत आली नाही. यंदा मात्र मे महिन्यात गावदेवीच्या पूजेला येते म्हणाली होती. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळातल्या पोरांनी ह्या वर्षी कार्यक्रमात गावच्या बायका-मुलींचा फॅशन शो ठेवला होता, आणि ठकूबाईंनी कुणाला न विचारता लेकीचं नाव देऊन टाकलं होतं.

"तिला ठावं नाय अजून," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी गप बसलेली. आता तिला एकदा चालू दे."

सरिताने माप मागितलं. ठकूबाईंनी मापाला म्हणून एक ब्लाउज दिला. तो अंकिताच्या कॉलेजातला होता, अबोली रंगाचा, कडेला उसवलेला. सरिताने तो हातात घेऊन वर-खाली पाहिला.

"काकी, हा लय जुना. आता बदलली असंल ती."

"नाय गो. फोनवर बघते ना मी. तशीच हाय."

"फोनवर तोंड दिसतं, काकी."

"तोंड तसंच हाय मग बाकीची कुठं जाते? माझ्या अंगावर गेलीय ती. वाढायची नाय."

सरिताने त्या ब्लाउजवरून माझ्या अंगाला पट्ट्या बांधल्या. खांदे जरा उतरते, पाठ सरळ, कंबर माझी होती जवळजवळ तेवढीच. पुढच्या बाजारच्या दिवशी ठकूबाई आल्या आणि दारातच थांबल्या. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हिच्या खांद्याची उतरण अशीच," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, मला आजवर हजार हातांनी हाताळलं आहे. पण ते हात कपड्याला लागायचे. हा हात मला लागला. त्यानंतर दर बाजारला ठकूबाई यायच्या. गाऊन पुढे सरकत होता, अस्तर झालं, वरची जाळी लागली, मागचा घोळ जोडला गेला. त्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहायच्या. सरिता चहा सांगायला गेली की त्या माझ्याशी बोलायच्या. गाय व्याली ते सांगायच्या, आंब्याला यंदा मोहर कमी ते सांगायच्या, "बाबांवर राग नको धरू गो" असं म्हणायच्या आणि माझ्या मानेपाशी कापडाला पडलेली सुरकुती सारखी करायच्या. मी त्यांची लेक नव्हते, हे मला कळत होतं. पण तसं वाटून घ्यायला मला फार आवडत होतं. बाजारचा दिवस कधी येतो याची मी वाट बघायला लागले.

मे महिना आला. पूजेला तीन-चार दिवस राहिले असताना ठकूबाई लेकीला एस.टी.तून उतरवून, वाटेत शोचं सांगत थेट दुकानात घेऊन आल्या. अंकिताचे केस मानेपर्यंत कापलेले होते. ती अंगाने चांगली भरली होती. खांदे रुंद, दंड गोल, चेहऱ्यावर थकवा आणि हसू दोन्ही. स्टँडवर ठकूबाईंना हे दिसलं नसेल का? दिसलंच असेल. पण इतके दिवस मनाशी धरलेली आशा अशी स्टँडवर सोडून कशी येणार?

अंकिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने घोळाला हात लावला. "आये, हे तर ते चित्र," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

सरिताने गाऊन माझ्या अंगावरून उतरवला आणि अंकिता तो घेऊन पडद्याआड गेली. बराच वेळ नुसती सळसळ ऐकू येत होती. मग ती गाऊन छातीशी धरून बाहेर आली. चेन कमरेच्या वर सरकलीच नव्हती.

"राहू दे, आये," ती म्हणाली. "मी काय आता चालणार? हसतील सगळी."

ठकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांमध्ये उभी होते, बारीक, सरळ, कॉलेजातली. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या दोघींमधलं अंतर त्यांना त्या वेळी पहिल्यांदा दिसलं असावं. खाली बसून त्या रडू लागल्या. "एवढी कवा झालीस गो? मला बघायला नाय मिळाली," असं काहीतरी त्या म्हणत होत्या.

सरिता मात्र जुनी जाणती. ती प्रत्येक कपड्याच्या शिलाईत जादा कापड आत ठेवते आणि इथे तर तिने मुद्दाम जास्तच ठेवलं होतं. ती म्हणाली, "काकी, दोन दिवसांत मोकळा करून देते. पण माप नवीन लागंल. ह्या जुन्यावर नाय व्हायचं."

ठकूबाईंनी डोळे पुसले, सरिताच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि स्वतःच उठल्या. त्यांनी टेप लेकीच्या पाठीमागून फिरवली आणि दोन्ही टोकं पुढे आणली. आणि तशाच उभ्या राहिल्या. अंकिता म्हणाली, "किती आलं, आये?"

"थांब. नीट लागली नाय अजून."

त्यांनी टेप पुन्हा फिरवली. आकड्याकडे त्या बघतच नव्हत्या. त्यांचं डोकं लेकीच्या खांद्यावर होतं.

"बाबा?" अंकिताने विचारलं.

"पुढं बसतील. उठायचा नाय, सांगून ठेवलंय मी."

त्या संध्याकाळी सरिताने माझ्या अंगावरच्या पट्ट्या सोडल्या आणि नव्या मापाने बांधल्या. मी पुन्हा अंकिता झाले, पण ही वेगळी अंकिता होती. ती मला चांगलीच जड वाटली. ठकूबाई नंतर गाऊन न्यायला आल्या, तेव्हा लेक सोबत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

फॅशन शो मी सरिताच्या मोबाइलवर पाहिला. माझ्या नजरेने म्हणाल तर त्यात सगळंच चुकलं होतं. स्टेज लाकडी पाटांचा, दिवे लग्नातले, आणि मधेच कुणाचं तरी पोर स्टेजवर चढलं. घोळ मातीत लोळत होता. अंकिता चालताना हसत होती, आणि हसत हसत गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मालोजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते उठूनही गेले नाहीत. शेवटी अंकिता स्टेजच्या कडेला थांबली आणि रॅम्पवर कुणी करत नाही ते तिने केलं. वाकून तिने खाली उभ्या असलेल्या आईला वर ओढून घेतलं. मी एवढे शो पाहिले, पण माझ्यासारखी न दिसणारी बाई बघून मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

ठकूबाई आता दुकानात येत नाहीत. त्यांना काही शिवायचं नाही. मध्यंतरी त्या लेकीकडे मुंबईला जाऊन आल्या म्हणे. व्हायला हवं होतं तेच झालं, हे मला पटतं. तरी बाजारच्या दिवशी दारात सावली पडली की मला उगाच वाटतं, खांद्यावर हात येईल.

मित्रांनो, एक मागणं आहे. कपडे जुने झाले तर होऊ द्या, फॅशन गेली तर जाऊ द्या. पण दूर गेलेल्या आपल्या माणसाचं माप जुन्या कपड्यावरून घेऊ नका. त्याच्या जवळ जा. टेप नसली तरी चालेल, दोन्ही हात पुरतात. मला तेवढंच करता येत नाही, म्हणून सांगते.