कडेचे मेजर

"पुढचं काढायचं आणि मागे लावायचं, इतकंच," आवाजवाला म्हणाला. "शब्द त्यांचा, आवाज त्यांचा. बाहेरचं काहीही नाही."

त्याने स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. गाद्या झिजलेल्या होत्या आणि अजून कोमट होत्या. तिने तो लावला. खोलीला खिडकी नव्हती. समोरच्या पडद्यावर तिचे बाबा लष्करी गणवेशात बसले होते. केस काळे केलेले, छातीवर कुणीच न मिळवलेली पदके.

"आधी मूळ ऐका."

बाबांनी मान किंचित वर केली. "निर्दोष," ते म्हणाले.

"आता आम्ही केलेलं."

मान पुन्हा तशीच वर झाली. "दोषी," बाबा म्हणाले.

"ओठांचं काय?" तिने विचारले.

"पहिल्या अक्षराला न्यायासनावरच्या अध्यक्षांचा चेहरा दाखवतो, 'दोष'पासून तुमचे वडील. आणि शेवटची 'ई' कुठून आणली, सांगा बघू?"

"'नि'मधून."

"बरोब्बर!" तो खूश झाला. "तिथली उचलली, इथे जोडली."

"ती ऱ्हस्व आहे."

"काय?"

"'नि' ऱ्हस्व असते. 'षी' दीर्घ." ती एका छापखान्यात मुद्रिते तपासायची. बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते, आणि या दोन आठवड्यांत तिला ऱ्हस्वदीर्घ सोडून दुसरे काही नीट दिसत नव्हते.

"हो, मग ताणली ना थोडी," आवाजवाला म्हणाला.

दाराशी सहायक दिग्दर्शिका उभी होती. तरुण, सारखा फोन चाळणारी, पण वागायला मऊ. "ताई, त्यांची आठवण म्हणून करतोय आपण हे. खाली पाटी येईल, फोटो येईल. आईंना फोन केला होता, त्यांचा होकार आहे. फक्त म्हणाल्या, लेकीला विचारा. तुम्ही हो म्हणालात की झालं."

"मी जरा चहा घेऊन येते," ती म्हणाली.

बाबा जन्मभर गर्दी होते. पडद्यावरच्या लग्नातले पाहुणे, फलाटावरचे प्रवासी, दवाखान्याच्या बाकावरचे रुग्ण, दुसऱ्याच्या मयतीला जमलेले लोक. एकदा तर खुद्द मयताचेच काम मिळाले होते. ते पाहून आई म्हणाली होती, "श्वास दिसला हो तुमचा." शेवटच्या दिवशी ते कामावरून आले, बूट काढले, खुर्चीत बसले आणि गेले, तेव्हाही आई कितीतरी वेळ त्यांच्या छातीकडेच बघत राहिली होती.

उतारवयात ही लष्करी न्यायालयाची मालिका आली आणि बाबांना बसायला कायमची जागा मिळाली. न्यायासनावर पाच अधिकारी. मधोमध अध्यक्ष, दोन्ही अंगांना हुद्द्याप्रमाणे बाकीचे, आणि अगदी कडेला सर्वांत कनिष्ठ. ते बाबा. वयाने सगळ्यांत थोर, हुद्द्याने सगळ्यांत धाकटे. सेटवर त्यांना कडेचे मेजर म्हणत, गल्लीत नुसते मेजर. बोलायचे काहीच नसे. कॅमेरा फिरत फिरत त्यांच्यापर्यंत यायचा आणि अलीकडेच थांबायचा, त्यामुळे बहुतेक वेळा त्यांचे कोपर तेवढे दिसे. "दिसलं, दिसलं!" असे आई ओरडली की शेजारच्या काकू म्हणत, "आज कोपरानं काय काम केलंय हो!" बाबा सगळ्यांत मोठ्याने हसत.

मग एक दिवस लेखकाला कुठूनसे कळले की लष्करी न्यायालयात निकालाच्या वेळी सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने आधी मत द्यायचे असते.

"धाकट्यानं आधी बोलायचं!" बाबा घरी येऊन सांगू लागले. ते पाच भावांत शेंडेफळ होते. "का सांग? म्हणजे मोठ्यांचं तोंड बघून कुणी मान डोलवायला नको. काय डोकं लावलंय बघ."

खटला एका शिपायाचा होता. तो दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला होता. जवळच्या विहिरीतून कुणाचा तरी आवाज आला, म्हणून पहारा सोडून गेला, बुडणाऱ्या बाईला बाहेर काढले आणि परत येऊन उभा राहिला. कोठाराला काही झाले नाही, पण पहारा सोडला तो सोडलाच. निकाल एकमताने द्यायचा होता: दोषी. त्यातले पहिले "दोषी" बाबांचे.

रविवारी दुपारी ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तालीम करत होते. ती ओट्याशी भांडी पुसत होती.

"बाबा, एकच तर शब्द आहे."

"एकच आहे म्हणून तर. दहा असते तर एखादा बिघडला तरी खपला असता." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "तुला काय वाटतं गं? आहे तो दोषी?"

"लेखकानं लिहिलंय ना तसं."

"लिहिलंय. पण लेखक काही रोज तिथं बसून ऐकत नाही. आम्ही ऐकतो."

"तुम्ही काय खरे मेजर आहात?"

"तो तरी कुठं खरा शिपाई आहे?" ते हसले. "बाकीचे चौघे ऐकत नाहीत गं. अध्यक्ष तर डोळे उघडे ठेवून झोपतो, कला आहे त्याच्या अंगात. पण मी म्हणतो, निकाल द्यायला बसवलंय ना, मग ऐकायला नको?" आणि पाठ ताठ करून, मान किंचित वर करून ते म्हणाले, "दोषी." स्वच्छ, खणखणीत. 'षी' पुरती दीर्घ.

हेडफोनमध्ये मघाशी ऐकलेला मूळ शब्दही अगदी तसाच स्वच्छ, खणखणीत होता.

उपाहारगृहात सरकारी वकील आणि आरोपी एकाच बशीतली बिस्किटे खात होते. तिला पाहून आरोपी उठला. त्याच्या गणवेशावरची चिन्हे खटल्यासाठी काढून घेतलेली होती, तिथे कापड गडद दिसत होते.

"ताई, बसा ना. चहा सांगू?"

अध्यक्षही आले. जवळून ते थकलेले, घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ होते. "इतक्या वर्षांत तुझ्या बाबानं एक टेक वाया घालवला नव्हता, बाळ," ते म्हणाले. "पण वय कुणाला सोडत नाही. शेवटी शेवटी जीभ दगा देते. मनावर घेऊ नकोस." तिच्या डोक्यावर हात ठेवून ते रंगपटाकडे गेले.

"काय झालं होतं?" तिने आरोपीला विचारले.

तो कपाचा कान चाचपत राहिला. "मी तिथंच होतो. बंद दाराआडचा सीन, आरोपीचं काय काम? पण निकाल आपलाच, म्हणून कॅमेऱ्यामागं उभा राहिलो. पहिल्यांदा 'निर्दोष' म्हणाले तर सगळे हसले. मेजरसुद्धा हसले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. दिग्दर्शक म्हणाला, आजोबा, दो-षी, बालवाडीत शिकवतात तसं म्हणा. तिसऱ्यांदाही तेच! मग तो उखडला. सगळ्यांदेखत म्हणाला, यांना घरी पोचवा, उद्या दुसरं कुणीतरी बसवा."

"बाबा काय म्हणाले?"

"'माफ करा' म्हणाले. टोपी काढून टेबलावर ठेवली. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. मला वाटलं, काहीतरी सांगतील. म्हणाले, 'जेवलास का रे?'"

सरकारी वकील बशीत बघत म्हणाला, "थोर माणूस होता हो." बाहेर कुणीतरी सुतारकाम करत होते. तिने चहा घेतला. तो गोड होता की अगोड, हे तिला नंतर सांगता आले नसते.

ती परत आली तेव्हा सहायक दिग्दर्शिका खुर्ची ओढूनच बसली होती. "ठरलं ना, ताई?"

"आहे तसंच ठेवता नाही का येणार?"

"'निर्दोष'? छे हो. पुढच्या भागात सगळे 'एकमताने, एकमताने' म्हणतात, ते चित्रित होऊन बसलंय. एका शब्दासाठी सगळं कसं बदलणार?"

"ते चुकले नव्हते."

"म्हणजे?"

"मुद्दाम म्हणाले."

सहायक दिग्दर्शिकेने फोन मांडीवर उलटा ठेवला. "असं कसं मुद्दाम म्हणतील? हातात कागद होता. एवढे जुने कलाकार…"

"तिन्ही वेळा अगदी सारखं आहे," आवाजवाला पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "चुकणारा माणूस दर वेळी वेगळा चुकतो."

"पण ताई, तुम्हाला समजतंय ना? हा नाही वापरला तर त्यांचा शॉटच जाईल. ते गेल्यामुळे राहिलं होतं, ते आता दुसरा माणूस घेऊन पुन्हा करावं लागेल. मग पाटी तरी कशाच्या जोरावर लावायची? त्या भागात ते असणारच नाहीत." तिचा स्वर खरोखरच कळवळ्याचा होता. "बाहेर सगळे म्हणतायत, आजोबांची जीभ अडखळली. आम्ही ते झाकतोय. तुम्ही उलट सांगत सुटलात की मुद्दाम केलं, तर लोक म्हणतील, जाता जाता काम बिघडवून गेले."

हे खरे होते. बाबांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. आपल्यामुळे कुणाचे काम अडले नाही, याचा. तिने पडद्याकडे पाहिले. बाबा थांबवून ठेवलेले होते, ओठ किंचित उघडे, पुढे काय म्हणणार हे अजून न ठरलेले.

"वापरू नका," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो."

"पुन्हा एकदा मूळ ऐकवू?" आवाजवाल्याने विचारले.

"नको."

तिला वाटले होते, आता तरी रडू येईल. वातानुकूलन यंत्राच्या हवेने बोटे तेवढी गार पडली होती. ती खाली आली आणि घराकडे चालू लागली.

आई पलंगावर बाबांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. कुणाला द्यायचे हे ठरले नव्हते, तरी रोज घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"झालं का? कधी दाखवणार म्हणाले?"

"आई, मी नाही म्हणाले."

आईचे हात थांबले. "नाही म्हणालीस? मी 'हो' कळवलं असताना?"

"तूच म्हणालीस ना, लेकीला विचारा."

"अगं, म्हणायची पद्धत असते ती! सगळ्या गल्लीला सांगून बसलेय मी." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "जन्मभर कोपर बघितलं गं मी. एकदा तोंड दिसलं असतं, चार लोकांनी ऐकलं असतं. तेवढंही तुला बघवलं नाही?"

"ते दोषी म्हणालेच नव्हते. 'निर्दोष' म्हणाले. तो शब्द कापून ते 'दोषी' करणार होते."

"चुकले असतील. घाबरले असतील. कधी सवय होती बोलायची?"

"तीनदा तेच म्हणाले. ओरडा खाल्ला, तरी तेच."

आईने हातातला सदरा मांडीवर ठेवला. त्याची कॉलर सरळ केली.

"तीनदा?"

"हो."

"या माणसानं?" आई म्हणाली. "घरात कधी भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलले नाहीत." मग कपाटाकडे बघत ती म्हणाली, "त्या दिवशी आले ना, तेव्हा मी विचारलं होतं, कसं झालं? तर म्हणाले, झालं मनासारखं. मी म्हटलं, मग चहा टाकते. टाकेपर्यंत…"

उरलेल्या घड्या मुलीने घातल्या.

निकालाच्या भागाला गल्ली आलीच. आईने कुणाला येऊ नका म्हणून सांगितले नव्हते. शेजारच्या काकू घरून खुर्ची घेऊन आल्या, त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरचे दोघे, कोपऱ्यावरचा घड्याळवाला. आईने सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. मुलगी दाराशी उभी राहिली.

पडद्यावर बंद खोली आली. अध्यक्ष कडेला वळून म्हणाले, "मेजर, आधी तुमचं मत." कॅमेरा आज शेवटपर्यंत गेला. तिथे एक अनोळखी, भरल्या गालांचा माणूस बसला होता. "दोषी," तो म्हणाला. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा.

"अहो, हे कोण?" काकू म्हणाल्या. "आपले मेजर कुठे गेले? तुम्ही तर म्हणालात, या भागात बोलणारेत."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. मुलीने तोंड उघडले, पण आई आधी बोलली.

"त्यांचं मत वेगळं पडलं," आई म्हणाली.

"म्हणजे?"

पडद्यावर अध्यक्ष उभे राहून "एकमताने" असे वाचू लागले, तेव्हा आई उठली आणि कप गोळा करू लागली. काकूंच्या कपात अजून अर्धा चहा होता. आईने तोही उचलला.