मेल्यावर सुधारलेली साखर

हॉलमध्ये दीडशे माणसं फोन हातात धरून उभी होती. पुढे स्टेजवर एका म्हाताऱ्याने फोनच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. दहा सेकंदांत रक्तातल्या साखरेचा आकडा उमटला, एकशे बारा.

“सुई नाही, रक्त नाही! महिन्यापूर्वी किती होती, आजोबा?” शेजारी माइक धरून उभ्या असलेल्या माणसाने विचारलं.

“दोनशे ऐंशी!”

टाळ्या पडल्या. दोघी बायका डोळे पुसत होत्या. लोक त्या माणसाला गुरुजी म्हणत. मी त्याला बोटवाला म्हणतो. याहून बरा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

“आता नव्या मंडळींनी मी पाठवलेलं ॲप उघडायचं. फोन काय म्हणतोय?”

“हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. धोका आहे,” लोकांनी वाचलं.

“धोका कुणाला? तुम्हाला की औषधवाल्यांना?” हशा पिकला. “फोन कंपनी आणि औषध कंपनी मावसबहिणी आहेत. एकीने दार लावलं की दुसरी कडी घालते. म्हणून आपलं ॲप त्यांच्या दुकानात ठेवत नाहीत! खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय?”

“तरीही इन्स्टॉल करा.”

“मोठ्याने!”

“तरीही!”

दीडशे माणसं एका सुरात ‘तरीही’ म्हणत होती. याच हॉलमध्ये माझी बायकोही ते म्हणाली होती. तिने त्याची औषधाची पुडी सुरू केली आणि इन्सुलिनचं इंजेक्शन बंद केलं. ॲपवर आकडा रोज उतरत होता. ती मला फोन दाखवायची, मीही खूश व्हायचो. पस्तिसाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात तिची साखर सहाशेच्या वर निघाली. त्याच सकाळी ॲपने एकशे चाळीस दाखवली होती. ती घरी परत आली नाही.

ती भोळी नव्हती. सोळा वर्षं रोज टोचून घेऊन कंटाळली होती. बोटवाल्याला तो कंटाळा बरोबर दिसला.

तिचा फोन मी चार्ज करत राहिलो. का, ते विचारू नका. ती गेल्यावर एकविसाव्या दिवशी तो वाजला, ‘अंगठा ठेवा.’ फोन टेबलावर उताणा होता, कॅमेरा लाकडाला टेकलेला. मी फक्त बटण दाबलं. आकडा आला, शहाण्णव. खाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन! तुमची तब्येत सुधारते आहे.’

तो फोन घेऊन मी दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेलो. तिने तासभर खटपट केली आणि म्हणाली, “काका, पुढच्या सभेला मीही येते.”

म्हणून आम्ही दोघं तिथे होतो. आणि पुडीच्या रांगेत माझी मेहुणी होती. बायकोची धाकटी बहीण, तिलाही तोच आजार. आठ दिवस तिने इंजेक्शन घेतलं नव्हतं.

“धाकटे, घरी चल.”

“भावजी, इथे तमाशा नको. ताईने मधेच गोड खाल्लं असणार. गुरुजी म्हणाले तसं.”

“तुझ्या ताईवर खापर फोडतो तो? आणि तू ऐकून घेतेस?”

तिने मान फिरवली. तेवढ्यात सिस्टर स्टेजवर चढली. तिने आजोबांचा फोन मागून घेतला आणि खुर्चीच्या हातावर टेकवला.

“खुर्चीची शुगर, एकशे बारा. खुर्ची ठणठणीत आहे.”

कोणीतरी फिदीफिदी हसलं. बोटवाला ओरडला, “बाई, श्रद्धेशिवाय यंत्र चालत नाही!”

“खुर्चीची श्रद्धा बरी दिसतेय. आता बघा, मी फोनची तारीख महिनाभर मागे नेते.” तिने पुन्हा फोन टेकवला. “दोनशे ऐंशी! खुर्ची आजारी पडली. आता महिनाभर पुढे. नव्वद! आजोबा, पहिल्या दिवशी त्याने तुम्हाला लॅबचा रिपोर्ट यात भरायला लावला ना?”

“हो. म्हणून तर आकडा तंतोतंत जुळला.”

“तुम्हीच भरलेला आकडा, तो जुळणारच. पुढे तारखेप्रमाणे रोज थोडा कमी करायचा, एवढंच याला येतं. अंगठा नुसता शोभेला.”

“अधिकृत दुकानातलं सगळं खरं असतं का?” बोटवाल्याने विचारलं.

“नाही. आमच्या हजेरीचं ॲपही बाहेरूनच टाकलंय. पण ते कोणी बनवलं ते मला माहीत आहे. बिघडलं की त्याच्या टेबलाशी जाऊन भांडते. हे कोणी बनवलं? कोणी तपासलं? सांगा.”

मी धाकटीकडे वळलो. बायकोचा फोन उघडून तिच्या हातात दिला.

“ही ताईची शुगर. वर तारीख वाच.”

तिने वाचली. पुन्हा वाचली. “भावजी, तेव्हा तर ताई...”

“हो.”

तिने स्वतःहून सिस्टरपुढे बोट धरलं. सुई टोचली. तीनशे नव्वद. तिच्याच फोनवर एकशे पासष्ट होती.

बोटवाला मागच्या दाराकडे सरकत होता, पण आजोबा आधीच तिथे जाऊन उभे होते. पोलीस येईपर्यंत कोणीही त्याला गुरुजी म्हटलं नाही.

हे मी लिहितो, कारण असा हॉल आणखी कुठेतरी भरलेला असेल. फोनची सूचना म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. पण ती बाजूला सारायला कोणी सांगितलं, तर त्याचा त्यात काय फायदा आहे ते आधी विचारा. चमत्कार असेल तर तो खुर्चीवर तपासून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. मी त्या आकड्यावर खूश झालो होतो. तपासून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने दवाखान्यातून फोन केला. “भावजी, दोनशे दहा आली. अजून जास्तच आहे.”

“जास्त आहे, पण खरी आहे,” मी म्हणालो. “दुपारी पुन्हा तपासून घे.”